जोन बाएझचा 'नोएल' आणि कोल्हापुरातला नाताळ : असा अल्बम आपल्याकडे का होऊ नये?

पेटीवाला_शाहूपुरी (धागाकर्ता)

नाताळच्या गाण्यांचा एक जुना अल्बम सध्या रोज ऐकतोय. जोन बाएझ या अमेरिकन लोकगायिकेचा 'नोएल', १९६६ सालचा. इथं लोकसंगीतावर बोलणारी बरीच मंडळी आहेत आणि मला त्या अल्बमवरून थेट आपल्या गावापर्यंत यायचंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाएझ तेव्हा पंचविशीची. तोवरचं तिचं सगळं नाव एका गिटारीवर आणि त्या उंच, सरळ आवाजावर झालेलं. माझा पैसा लढाईला जाऊ देणार नाही म्हणून १९६४ मध्ये तिनं आयकरातला साठ टक्के भाग भरायला जाहीर नकार दिला होता. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात अहिंसेच्या अभ्यासासाठी संस्था काढली. १९६६ च्या सप्टेंबरात मिसिसिपीतल्या ग्रेनाडा गावी काळ्या मुलांना शाळेपर्यंत सुखरूप पोचवायला ती मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत रस्त्यानं चालली. आणि त्याच वर्षी हा नाताळचा अल्बम आला. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, का ते पुढं येईलच.

संगीत संयोजन पीटर शिकेली यांचं. ल्यूट, व्हायोल, हार्प्सिकॉर्ड, रेकॉर्डर नावाची लाकडी बासरी, छोटा ऑर्गन अशी युरोपातली जुनी वाद्यं त्यांनी घेतली. मधेमधे नुसत्या वाद्यांचे छोटे तुकडे आहेत. कुठंही गर्दी नाही. एखादं वाद्य चार स्वर बोलतं, थांबतं, मग आवाज येतो. पेटीची साथ करणाऱ्यानं ऐकावं असं काम आहे. गाणाऱ्याला जागा कशी मोकळी ठेवायची ते यातून कळतं.

पण मला खरं बोलायचंय ते गाण्यांच्या निवडीबद्दल. बाजारात नाताळच्या नावानं मिळतं त्यात घंटा, बर्फ, भेटवस्तू आणि आनंदीआनंद. त्यात गैर काही नाही, सणच आहे. बाएझच्या यादीत मात्र 'कोव्हेंट्री कॅरल' आहे (कॅरल म्हणजे नाताळचं गाणं). हे गाणं इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहरात कातरकाम करणारे आणि शिंपी यांचं मंडळ जे धार्मिक नाटक करायचं, त्यातलं. सोळाव्या शतकातलं. हेरोद राजानं बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली सगळी मुलं मारायचा हुकूम सोडलाय, शिपाई गावात शिरलेत, आणि तीन आया आपापल्या बाळाला छातीशी धरून झोपवतायत. नाटकात त्यातली एक बाई सांगते की बाळानं रडू नये म्हणून मी त्याला जोजवतेय. म्हणजे हा पाळणा बाळाचा आवाज घराबाहेर जाऊ नये म्हणून गायलेला आहे.

एक सांगीतिक गोष्ट मुद्दाम सांगतो. याची जुनी तीन आवाजांची मांडणी मिळाली तर पेटीवर वाजवून बघा. सगळं कडवं कोमल गंधाराच्या अंगानं चालतं आणि अगदी शेवटच्या मुक्कामाला स्वरमेळात शुद्ध गंधार येतो. तिकडं हा रिवाजच होता. पण या शब्दांवर तो शुद्ध गंधार ऐकताना पोटात कालवतं. आईनं बाळाला ऐकू जाईल एवढंच बळ आणून म्हटलेला तो 'जो जो' आहे.

१९४० च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी कोव्हेंट्री बेचिराख केलं, तिथलं मोठं चर्चही कोसळलं. त्या नाताळात बीबीसीनं त्याच पडक्या भिंतींमधून कार्यक्रम प्रसारित केला आणि त्यात हेच गाणं गायलं गेलं. पुढं व्हिएतनाम पेटलेलं असताना, १९६६ मध्ये, बाएझ तेच गाणं निवडते. हिला नाताळच्या आनंदाबरोबर त्यातली भीतीही सांगायची होती, असं मी ठामपणे म्हणतो.

आता कोल्हापूर. आपल्याकडे डिसेंबरात नाताळच्या गाण्यांची जी नवी रेकॉर्डिंग निघतात, त्यातली बरीच मी ऐकतो, काहींना साथही केली आहे. कीबोर्डवरचा तयार ठेका, घंटांचा आवाज, वर मराठी शब्द. गाणारे गळे उत्तम असतात, पण ते गाणं कोल्हापुरात झालंय की आणखी कुठं, हे डोळे मिटून ओळखता येत नाही. आणि ज्या गावात पोवाडा आहे, धनगरी ओवी आहे, शाहिरांच्या सवाल-जवाबाचं भेदिक आहे, हलगी-घुमकं आहे, जिथल्या घरात बारशाला आणि शिवजयंतीला पाळणा म्हणतात, त्या गावात हे व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. गोठ्यात जन्मलेलं मूल, रात्री मेंढरं राखणारे मेंढपाळ, लेकरू घेऊन परमुलखात पळालेलं जोडपं, पोरांवर उठलेला राजा. ही गोष्ट सांगायला धनगरी ओवीइतका आणि पोवाड्याइतका हक्काचा बाज दुसरा कुठला?

माझं म्हणणं एवढंच आहे. लोकगायकानं सण गायचा तर सणाच्या पोटातलं दुःखही गायला पाहिजे, आणि ते गायची सगळी सामग्री आपल्या घरात आहे. असा एक अल्बम इथं, इथल्या वाद्यांवर, इथल्या शाहिरांकडून व्हावा. तुम्हाला काय वाटतं?

शिवाजीपेठ_कट्टा

लई भारी धागा. बाएझचं नाव फक्त आंदोलनाच्या गाण्यांमुळं माहीत होतं. रात्री 'कोव्हेंट्री कॅरल' लावलं, आई शेजारी शेंगा निवडत बसली होती. इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नाही. पण 'लली ललाय' आलं तसं तिनं मान वर केली आणि म्हणाली, "पाळणा हाय व्हय रं ह्यो?"

तारसप्तक

लेख आवडला, पण निष्कर्षाशी सहमत नाही.

'नोएल'मधला आवाज मला लोकगायिकेचा वाटतच नाही. इतका शुद्ध, इतका घोटलेला, त्यात मागं हार्प्सिकॉर्ड. हे दिवाणखान्यातलं संगीत झालं. शिवाय शूबर्टचं 'आवे मारिया' आणि फ्रेंच 'कांतीक द नोएल' यांचा लोकसंगीताशी काय संबंध? लोकगायकाचा नाताळ ऐकायचाच असेल तर बॉब डिलनचा 'ख्रिसमस इन द हार्ट' ऐका. २००९ सालचा, पंधरा गाणी. गळा पार खरवडलेला. लहान पोरांचं 'मस्ट बी सांता' तो पोल्का नाचाच्या लयीत अकॉर्डियन घेऊन असा धावडवतो की गावजत्रेत उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि लगेच लॅटिनमध्ये 'आदेस्ते फिदेलेस' म्हणतो, तेही त्याच फाटक्या आवाजात, पूर्ण भक्तीनं. लोक तेव्हा म्हणाले की गंमत करतोय. मला तसं अजिबात वाटत नाही. त्या अल्बमचं मानधन त्यानं कायमचं भुकेल्यांसाठी आणि बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देऊन टाकलं. अमेरिकेत फीडिंग अमेरिका, ब्रिटनमध्ये क्रायसिस, आणि जागतिक अन्न कार्यक्रम.

डिलन जन्मानं ज्यू. १९७९ च्या सुमारास ख्रिस्ती भक्तिगीतांकडे वळला, पुढं पुन्हा दुसऱ्या वाटा धरल्या. पण ही गाणी तो ज्या लहानशा गावात वाढला तिथल्या हवेतच होती. लोकगायक म्हणजे तोच ना, गावाच्या हवेत जे आहे ते गाणारा?

पेटीवाला_शाहूपुरी

@तारसप्तक, डिलनचा अल्बम मलाही प्रिय आहे, आणि त्यानं मनापासून गायलंय यावर पूर्ण सहमत. पण त्यानं निवडलेली बहुतेक गाणी त्याच्या लहानपणी रेडिओवर वाजणारी. तो स्वतःच्या बालपणाकडे जातो. बाएझ त्याहून फार मागं जाते, जिथं गाणं कुणी लिहिलं हेही कळत नाही तिथवर.

घोटलेला आवाज म्हणजे लोकसंगीत नाही, हे मात्र मला पटत नाही. शाहीर पिराजीराव सरनाईकांचं गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा. तालमीत तयार झालेला गळा होता तो. गावाचं गाणं रांगडंच असलं पाहिजे हा आग्रह बाहेरून ऐकणाऱ्यांचा असतो, गाणाऱ्यांचा नव्हे.

आणि 'सायलेंट नाइट' आठवा. 'नोएल'मध्ये तेही आहे. १८१८ च्या नाताळाच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबरनडॉर्फ गावी ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योसेफ मोर या तरुण पाद्र्याचे, चाल फ्रांझ ग्रुबर या शाळामास्तरांची, आणि साथीला गिटार. ज्या गाण्याला आज जगभर मोठमोठे वाद्यवृंद लागतात ते दोन माणसांनी एका गिटारीवर उभं केलं होतं.

मिशन_कंपाउंड

मी नेहमी फक्त वाचते, आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आम्ही इथल्या ख्रिस्ती मंडळीतले, म्हणजे चर्चच्या समाजातले. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या घराण्यात माझ्या आधीच्या कितीतरी पिढ्या इथंच नाताळची गाणी म्हणत आल्या. धागाकर्त्यांनी कीबोर्डबद्दल लिहिलं ते खरं आहे. पण दुसरी बाजूही इथं यायला हवी.

'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक. त्यात परदेशी चालींवरची गीतं आहेत, तशीच आपल्या चालींवरची भजनं आणि पदंही आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, आणि त्यांची पदं म्हणताना ते जाणवतं. नगरकडच्या मिशनमध्ये तर एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन सुरू झालं, कृष्णराव सांगळे यांचं नाव त्यात आदरानं घेतलं जातं. टाळ, वीणा, पेटी आणि ख्रिस्तजन्माचं आख्यान. त्यामुळे तुम्ही म्हणता ते काम आमच्यात नव्यानं सुरू करायचं नाही. ते आहेच, मागं पडलंय.

आमच्या लहानपणची कॅरल पार्टी सांगते. रात्रीच्या जेवणानंतर निघायचं. पुढं काठीला लावलेली कागदाची चांदणी, आत दिवा. एका काकांच्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेली पेटी, भाता डाव्या हातानं, बोटं गारठलेली म्हणून मधेच हात बगलेत घालायचे. ढोलकीची शाई थंडीनं उतरायची, मग ज्या घरी चहा मिळेल तिथल्या चुलीपाशी ती आधी तापायची आणि मग आम्ही. पहिलं गाणं दाराबाहेर अंधारात म्हणायचं. घरातला दिवा लागला, कडी निघाली की दुसरं उंबऱ्याशी. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असेल तिथं ढोलकी थांबायची, नुसत्या पेटीवर एक संथ पद व्हायचं आणि प्रार्थना. कुणी शिकवलं नव्हतं, पण कुठलं घर कुठलं गाणं मागतं हे सगळ्यांना कळायचं.

धागाकर्त्यांना दुःख म्हणायचंय ते हे असावं. सणात ते आधीपासून आहे. रेकॉर्डिंग करताना तेवढं गाळलं जातं.

शिवाजीपेठ_कट्टा

@मिशन_कंपाउंड ताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. अजून लिहा.

गावकूस

एक प्रश्न आहे, कुणाला दुखवायचा हेतू नाही. बाएझ निदान ख्रिस्ती घरातली, क्वेकर पंथाची. आपल्याकडचा शाहीर, जो आयुष्यभर भवानीचा गण म्हणत आला, त्यानं येशूजन्माचा पोवाडा गायचा म्हणजे ते श्रद्धेचं गाणं होईल की नुसता प्रयोग? मंडळीतल्या लोकांना ते चालेल का? आणि शाहिराच्या गावाला?

मिशन_कंपाउंड

माझ्यापुरतं सांगते. मनापासून म्हणणार असेल तर आमच्या दारात येऊन कुणीही म्हणावं. आमच्या कॅरल पार्टीत गल्लीतली बिगरख्रिस्ती पोरं कायम असायची, ढोलकीवर तर बहुतेक तीच. अट एकच, गोष्टीची मोडतोड नको. मेंढपाळ मेंढपाळच राहावेत, हेरोद हेरोदच. आणि शाहिरानं आपला गण सोडू नये असं मला वाटतं. त्यानं आपल्या रीतीनं सुरुवात करावी, आम्ही आमच्या रीतीनं ऐकू.

पंचगंगा_घाट

@गावकूस, शाहीर अमर शेख कोण होते? बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. त्यांनी गायलेल्या शिवरायांच्या पोवाड्याला कुणी प्रयोग म्हटलं नाही. आपल्याच जिल्ह्यात कुरुंदवाडला मशिदींमध्ये गणपती बसतो. मोहरमात कोल्हापुरात कितीतरी हिंदू घरांतून पंजांना नैवेद्य जातो. या भागातल्या माणसाला दुसऱ्याच्या सणात मनापासून उभं राहायचं कसं हे शिकवावं लागत नाही. शाहिराचा गाव काय म्हणेल याची काळजी मला तरी वाटत नाही.

दळण_आणि_ओवी

धागाकर्त्यांनी 'मेरीज वाँडरिंग'बद्दल लिहिलं नाही, ते मी लिहिते, कारण 'नोएल'मधलं मला सगळ्यात जवळचं गाणं तेच.

मूळ जुनं जर्मन लोकगीत. मरीया आपल्या मुलाला शोधत मुलूखभर हिंडते. वाटेत सेंट पीटर भेटतो. ती विचारते, माझा लेक दिसला का? तो सांगतो, दिसला, वाड्याच्या दाराशी होता, फार हाल होते त्याचे. ती विचारते, डोक्यावर काय होतं? काट्यांचा मुकुट. हे खरं तर वधस्तंभाच्या दिवसांचं गाणं. पाळण्याच्या अल्बममध्ये बाएझनं ते घेतलंय.

आता पुढचं. १९७२ च्या डिसेंबरात बाएझ हनोईला गेली होती, तिथं कैदेत असलेल्या अमेरिकन सैनिकांना नाताळची पत्रं पोचवायला. ती तिथं असतानाच अमेरिकेनं हनोईवर ऐन नाताळच्या दिवसांत जबर बाँबफेक केली. ती तळघरातल्या आसऱ्यात होती, सोबत टेपरेकॉर्डर. त्या ध्वनिमुद्रणातून तिनं १९७३ मध्ये एक अल्बम काढला, त्याची एक पूर्ण बाजू म्हणजे भोंगे, स्फोट, माणसांचे आवाज आणि तिचं गाणं. त्याचं नाव 'व्हेअर आर यू नाऊ, माय सन?'. पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावर एक बाई आपल्या मुलाला हाका मारत फिरत होती, तिचे ते शब्द.

सहा वर्षांपूर्वी जिनं 'माझा लेक दिसला का' हे गाणं म्हणून ठेवलं, तिला नाताळातच ती बाई समोर दिसली. मला यावर अधिक काही लिहिता येत नाही.

आपल्याकडं जात्यावरच्या ओव्यांमध्ये हाच सूर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात लेकाची वाट बघणारी आई पानोपानी भेटते. सीतेचा वनवास बायकांनी ज्या ओव्यांत सांगितलाय त्याच चालीत मरीयेचं मिसरला पळणं बसतं. मी म्हणून पाहिलं, आणि एका मात्रेचीही ओढाताण झाली नाही. अल्बम होणार असेल तर एक गाणं वाद्यांशिवाय ठेवा. दोन बायका, एक जातं.

पेटीवाला_शाहूपुरी

@दळण_आणि_ओवी, हनोईची गोष्ट मला माहीत नव्हती. आता 'नोएल' वेगळाच ऐकू येतोय. जात्याचं गाणं पक्कं धरतो.

हलगी_कसबा_बावडा

मी हलगी वाजवतो. कुस्त्यांच्या मैदानात, वरातीत, जोतिबाच्या चैत यात्रेत. धागा सगळा वाचला. हलगीचं नाव सगळ्यांनी घेतलंय, पर ती नाताळच्या गाण्यात कशी वाजायची ते कुणीच लिहिलं न्हाई, म्हणून सांगतो.

पाळण्याला हलगी नको. तिचा आवाज लांब जायलाच केलेला हाय. जाळावर शेकून कातडं ताणलं की ती कडकडती, त्यात बाळ झोपायचं न्हाई. पाळण्याला दिमडी घ्या, नायतर चौंडकं. चौंडक्याची तार सैल-ताठ करून जो आवाज निघतो त्यो रडव्या पोराला समजावल्यागत येतो. मेंढक्यांच्या गाण्याला धनगरी ढोल आणि कैताळ, त्यात दुसरं काय घालू नका.

हलगी ठेवा हेरोदाच्या शिपायांना. आणि ती लांबनं येऊ दे. मैदानात जोड लागायच्या आधी आमी सुरवातीला संथ वाजवतो, मग हळूहळू चढवतो. तसं. आधी गावाभायेर, मग वेशीत, मग गल्लीत. रेकॉर्डिंगला माईक जाग्यावर ठेवायचा आणि वाजवणाऱ्यानं चालत यायचं. मशीनवर आवाज वाढवून ते व्हणार न्हाई, पायाची लय त्यात येत न्हाई. आणि दारात आल्यावर एकदम बंद. त्याच्यावर ती पाळणा म्हणणारी बाई.

ह्यासाठी मी यायला तयार हाय. पैशाचं काय न्हाई.

तारसप्तक

@हलगी_कसबा_बावडा, तुमचा प्रतिसाद वाचून माझा विरोध संपला. हे झालंच पाहिजे.

कायदा_आणि_कला

उत्साह पाहून आनंद वाटला. कामाच्या दोन गोष्टी सांगतो, नंतर अडचण नको.

'नोएल'मध्ये 'आय वंडर ॲज आय वाँडर' हे सुंदर गाणं आहे आणि बरेच जण ते पारंपरिक समजून वापरतात. जॉन जेकब नाइल्स या गायक-संग्राहकानं १९३३ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या मर्फी गावी एका गरीब मुलीच्या तोंडून त्याच्या जेमतेम तीन ओळी ऐकल्या. ती पुनःपुन्हा गायली, तो तिला दर वेळी पाव डॉलर देत गेला. त्या तुकड्यावरून पुढचं गाणं त्यानं स्वतः रचलं. नाइल्स १९८० साली वारले. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. म्हणून या गाण्याचं मराठी रूप करायचं तर परवानगी लागेल. 'कोव्हेंट्री कॅरल'ला, 'सायलेंट नाइट'च्या मूळ जर्मन शब्दांना आणि चालीला काही अडचण नाही.

टिळक १९१९ साली गेले, त्यांची पदं मोकळी आहेत. आणि त्याहून जुनं हवं असेल तर फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' आहेच. १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेलं, जन्मानं इंग्रज असलेल्या माणसानं मराठी ओवीत लिहिलेलं. त्याचं दुसरं पुराण म्हणजे येशूचं चरित्र. ती ओवी पोथीच्या चालीत वाचायची असते, म्हणजे इथल्या कुठल्याही पारायणाला बसलेल्या माणसाला ती म्हणता येईल. माझं मत विचाराल तर इंग्रजी गाण्यांच्या मागं न लागता जन्मकथेचा धागा 'ख्रिस्तपुराणा'तून घ्यावा आणि मधे पाळणा, जात्याची ओवी, मेंढक्यांचं गाणं बसवावं.

दुसरी गोष्ट. जात्यावरच्या ओव्या, धनगरी ओव्या कुणाच्या तोंडून घेतल्यात त्यांची नावं अल्बमवर छापा, आणि पैसे आले तर त्यात त्यांचा वाटा ठेवा. त्या मर्फीतल्या मुलीला पाव-पाव डॉलर मिळाले, गाणं नाइल्सच्या नावावर राहिलं. आपण तसं करायला नको.

गावकूस

@कायदा_आणि_कला, नावांचा मुद्दा फार महत्त्वाचा. आणि @मिशन_कंपाउंड, माझ्या शंकेचं उत्तर मिळालं, आभार. आमच्या गावात भेदिक म्हणणारे एक वयस्कर शाहीर आहेत. सवाल-जवाबात अजून कुणाला ऐकत नाहीत. त्यांना विचारलं. म्हणाले, गोष्ट आधी सगळी सांगा, अर्धवट सांगितलेली मी गात नाही. तेव्हा बायबलातली मत्तय आणि लूक ही दोन्ही शुभवर्तमानं वाचून दाखवली. हेरोदाच्या ठिकाणी आले तसे म्हणाले, "हा कंस की." आणि पुढं बराच वेळ काही बोलले नाहीत. ते गाणार आहेत.

मिशन_कंपाउंड

भेदिकाचा बाज कॅरलला मी कधी ऐकलेला नाही. सवाल मेंढपाळांनी करायचा आणि जवाब देवदूतानं द्यायचा, असं बसेल का? लूकमध्ये तसंच आहे जवळजवळ. देवदूत म्हणतो भिऊ नका, आणि खूणही सांगतो, बाळ गव्हाणीत निजलेलं सापडेल.

गावकूस

त्यांना हेच सुचवतो. झीलकरी म्हणून, म्हणजे मागून सूर धरायला, त्यांचे दोन जुने साथीदार येतील. डफ आणि तुणतुणं त्यांचंच असतं, ते दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

पेटीवाला_शाहूपुरी

सगळ्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तालमीला शाहूपुरीतली आमची वरची खोली देतो, रविवारी दुपारी. स्टुडिओ घ्यायचा की चर्चच्या आवारात रात्री रेकॉर्डिंग करायचं हे तिथं ठरवू. आवारात केलं तर @हलगी_कसबा_बावडा यांना चालत यायला लांबी मिळेल, फक्त रस्त्याच्या गाड्या थांबल्यावर सुरू करावं लागेल. जात्याची सोय कुणाकडे आहे? दगडी, चालू असलेलं हवंय.

शिवाजीपेठ_कट्टा

जातं आमच्याकडं आहे. वरची तळी आणि खुंटा दोन्ही शाबूत, पण टाकी लावून घ्यावी लागेल. आई म्हणतीय, दळायला जोंधळं पण घेऊन या, मोकळं जातं फिरवायचं नसतं. आणि दुसरी बाई मिळाली नाही तर ती स्वतः बसायला तयार आहे.

दळण_आणि_ओवी

@शिवाजीपेठ_कट्टा, मला आईंचा नंबर व्यनित पाठवा. सीतेच्या ओवीची त्यांची चाल कुठली आहे ते आधी ऐकायचंय, माझी त्यांना जुळवून घेईन.

हलगी_कसबा_बावडा

रविवारी येतो. शेकायला गोवऱ्या लागतील, त्या मीच आणतो.